तालुक्याचं ‘फुल इंटिरिअर’ पॅकेज आणि आपलं खेड्यातलं घर

विदर्भातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी आता बसस्टँडच्या रस्त्याला इंटिरिअरचं एखादं तरी दुकान दिसतं. बाहेर चकचकीत पॅनलचे नमुने, आत मोबाइलवर फोटो. कापसाचे, तुरीचे पैसे हाती आले की गिऱ्हाईक येतं आणि एका बैठकीत ‘हॉलचं पॅकेज’ ठरतं: पीओपीचं सीलिंग, त्यात निळी-जांभळी लाइट, टीव्हीमागच्या भिंतीला पीव्हीसी पॅनल, टीव्ही युनिट, एक आलमारी, रेक्झिनचा एल सोफा, आणि वरून ३डी वॉलपेपर फुकट. दुकान कुठलंही असो, यादी हीच. म्हणून इथे कुठल्याही एका दुकानाचं नाव न घेता या पॅकेजचाच आढावा घेतला आहे.

निकाल आधीच सांगतो. पॅकेज म्हणून पाचपैकी दोन. त्यातली सुटी कामं नीट निवडून, मटेरियल लिहून घेऊन करवली तर साडेतीन. कारागीर वाईट नाहीत, उलट पीओपीचे बरेच पोरं हातानं तयार आहेत. अडचण ही की हे पॅकेज एसी असलेल्या, दारं-खिडक्या बंद ठेवायच्या फ्लॅटसाठी जुळवलेलं आहे. आपल्या घरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, खिडकीत कूलर भणभणतो, काळ्या मातीवरच्या भिंती दरवर्षी थोड्या हलतात, आणि दिवाळीनंतर त्याच हॉलमध्ये छातीएवढा कापूस पडलेला असतो. या चारही गोष्टींचा पॅकेजात कुठेच हिशेब नाही.

सगळ्यात जास्त खपणारी वस्तू पीव्हीसी पॅनल. दहा इंच रुंद, दहा फूट लांब, आतून पोकळ पट्ट्या. लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर स्क्रूनं ठोकायच्या, एकमेकींत अडकवायच्या, एका दिवसात भिंत तयार. धुता येतं, रंग लागत नाही, आणि मुख्य म्हणजे लोणा लागलेली भिंत झाकली जाते. दुकानदार हाच गुण म्हणून सांगतो, आणि नेमकी तीच खोट आहे.

लोणा लागतो कारण जोत्याच्या पट्टीत ओल अडवणारा थर नाही. जमिनीतलं पाणी विटांतून चढतं, सोबत क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार प्लास्टरच्या तोंडाशी पांढरे फुलतात. पॅनल ठोकल्यावर उडायची वाट बंद होते. मग ओल आणखी वर चढते. मागच्या लाकडी पट्ट्यांना उधई (वाळवी) लागते, पोकळीत पाली आणि झुरळं राहतात, आणि दोन पावसाळ्यांत खोलीला एक कुबट वास येतो जो अगरबत्तीनं जात नाही. अशा भिंतीला आधी बाहेरून बघा. न्हाणीचं, कूलरचं किंवा वळचणीचं पाणी पायाशी मुरतं का? बाहेर भिंतीपासून लांब उताराचा पट्टा काढा. आतून ओलीच्या रेषेच्या वर एक फूटपर्यंत सिमेंटचं प्लास्टर खरवडून काढा, सांधे मोकळे करा, सुके क्षार ब्रशनं झाडा (पाण्यानं धुऊ नका, क्षार परत आत जातात) आणि तिथे एकास तीन प्रमाणात चुना-रेतीचं प्लास्टर करा. चुन्याचं प्लास्टर श्वास घेतं. ते सावकाश सुकतं, आणि मिस्त्री कुरकुरतोच.

कोरड्या भिंतीला पॅनल लावायचंच असेल तर दोन गोष्टी पाळा. पीव्हीसी तापलं की वाढतं. २५ अंशांचा फरक पडला तर दहा फुटी पॅनल चार-पाच मिलिमीटर लांब होतं. डिसेंबरच्या थंडीत वर-खाली घट्ट बसवलेलं पॅनल म्हणूनच मे महिन्यात पोट काढतं. वर आणि खाली पाच-पाच मिलिमीटर जागा सोडायची आणि ती पट्टीनं झाकायची. दुसरं, चुलीच्या किंवा गॅसच्या जवळ हे लावूच नका. पंच्याहत्तर-ऐंशी अंशांना ते नरम पडतं, आणि पेटलं तर त्याचा धूर घशाला फार वाईट. पश्चिमेच्या भिंतीला आतून लावल्यानं खोली थंड होते असंही सांगतात. फरक अगदी किरकोळ. त्यापेक्षा बाहेरून त्या भिंतीवर वेलाची किंवा ताटव्याच्या (बांबूच्या विणलेल्या तट्ट्याच्या) आडोशाची सावली जास्त कामाची.

आता सीलिंग. इथे घराचं छत कोणतं ते आधी बघावं लागतं. स्लॅबचं घर असेल, उंची दहा फूट असेल, तर सहा ते आठ इंच खाली उतरलेलं जिप्सम बोर्डचं सीलिंग चालतं. वरच्या तापलेल्या स्लॅबचा चटका थोडा अडतो. पण दुकानवाले सीलिंग उठून दिसावं म्हणून पंख्याचा दांडा कापतात. पाती सीलिंगला फूटभराच्या आत आली की पंखा वरची हवा ओढू शकत नाही, नुसता गुरगुरतो. पाती जमिनीपासून आठ ते नऊ फुटांवर आणि सीलिंगपासून किमान दहा-बारा इंच खाली असावीत. हे चिठ्ठीवर लिहून घ्या. स्लॅबचा ताप हा खरा प्रश्न असेल तर सीलिंगच्या पैशांच्या दहाव्या हिश्श्यात गच्चीवर मार्चमध्ये चुन्याचे दोन-तीन हात मारता येतात. पांढरी गच्ची ऊन परतवते. पावसात धुऊन जातं म्हणून दरवर्षी मारावं लागतं, एवढंच.

टिनाचं घर असेल तर पीओपी अजिबात नको. टिन दुपारी ताणतं, रात्री आकसतं, आणि त्याच सांगाड्याला लटकवलेलं पीओपी पहिल्याच उन्हाळ्यात कोपऱ्यांतून तडकतं. पावसाळ्यात टिनाच्या आतल्या बाजूला घाम सुटतो, तो थेंबाथेंबानं पीओपीवर पडून पिवळे डाग देतो. वर उंदीर.

टिनाखाली बांबूचे ताटवे हा आमच्या मते विदर्भातला सगळ्यात दुर्लक्षित माल आहे. बुरड कारागीर चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात अजून विणतात. ताटवा हलका असतो, हलला तरी तडकत नाही, आणि संध्याकाळी पिवळ्या दिव्यात त्याच्या विणीची सावली पडते ती कुठल्याच डिझायनर सीलिंगमधून मिळत नाही. टिन आणि ताटवा यांच्यात किमान सहा इंच पोकळी ठेवा, आणि दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत जाळी लावलेली भोकं ठेवा, म्हणजे गरम हवा निघून जाईल. ही भोकं विसरली तर पोकळी भट्टी होते. वायरी ताटव्यावर मोकळ्या टाकू नका, पाइपातून न्या. चुलीच्या खोलीवर ताटवा नको.

बांबू घेताना मुख्य शत्रू भुंगा. तो बांबूतल्या स्टार्चसाठी येतो, म्हणून कोवळा किंवा पावसाळ्यात तोडलेला बांबू सहा महिन्यांत पिठूळ होतो. तीन-चार वर्षांचा, हिवाळ्यात तोडलेला मागा. आपल्याकडचा मानवेल भरीव असतो, फर्निचरला आणि सांगाड्याला चांगला. कटांग जाड आणि पोकळ. प्रक्रिया म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाच-सहा टक्क्यांच्या पाण्यात आठवडाभर बुडवून सावलीत वाळवणं. अख्ख्या बांबूच्या पेरांना आतून आरपार भोक पाडलेलं हवं, नाहीतर औषध आत जातच नाही. तपासायचं कसं? पांढऱ्या कागदावर बांबू आपटा. पिवळसर पीठ पडलं तर परत करा. मेळघाटात लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र आणि चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र या दोन ठिकाणी प्रक्रिया केलेला माल कसा असतो ते हातात धरून बघता येतं. एकदा बघितलं की बाजारातला कच्चा माल लगेच ओळखू येतो. आणि शेतातला बांबू आता कायद्यानं झाड नाही. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल झाला तेव्हापासून स्वतःच्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) बांबू तोडायला पूर्वीसारखी कटकट नाही.

आलमारी आणि टीव्ही युनिट यांत सगळ्यात जास्त पैसे जातात आणि सगळ्यात जास्त गोलमालही इथेच. ‘वॉटरप्रूफ प्लाय’ हा शब्द चिठ्ठीवर चालू देऊ नका. प्रत्येक शीटवर आयएसआयचा शिक्का, मानक क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो परवाना बीआयएस केअर नावाच्या सरकारी मोबाइल अॅपवर तपासता येतो. आयएस ७१० म्हणजे मरीन, ज्याचे नमुने चाचणीत ७२ तास उकळतात. आयएस ३०३ मध्ये साधा एमआर प्रकार येतो, तो नुसती दमट हवा थोडीफार सोसतो. शीट कापायच्या आधी शिक्का बघा, कापल्यावर तो कुठल्या तुकड्यात गेला कोणालाच सांगता येत नाही. शंका असेल तर चार बोटांचा तुकडा गंजात (पातेल्यात) पाणी घेऊन तीन-चार तास उकळा. एमआरचे थर सुटायला लागतात, मरीन तसाच राहतो. एमडीएफ किंवा भुशाचा बोर्ड असेल तर उकळायचीही गरज नाही, रात्रभर पाण्यात ठेवला की फुगतो.

इतकी काळजी का, तर कूलर. घराघरात डेझर्ट कूलर आहे आणि बऱ्याच घरांत तो चालू असताना समोरची खिडकी बंद असते, ‘थंड हवा बाहेर जाते’ म्हणून. मग खोलीतली हवा ओलसर होते, अंगाला चिकचिक सुटते, आणि तीच ओल रोज दहा तास प्लायच्या कडांतून आत शिरते. आधी कडेची पट्टी सुटते, मग खालची पाटी फुगते, मग दार घासतं. कूलरच्या थेट झोतात टीव्ही युनिट किंवा आलमारी ठेवू नका, समोरची खिडकी निदान अर्धी उघडी ठेवा, आणि पाठीमागचा ६ मिलिमीटरचा प्लाय भिंतीपासून एक इंच सुटा ठेवा. खालून तीन-चार इंच उंच स्टीलचे पाय द्या. जमिनीला टेकलेल्या फर्निचरमध्ये वाळवी चढते ती आतल्या बाजूनं, आणि दिसते तेव्हा अर्धी पाटी गेलेली असते.

मोजमापाचं गणितही समजून घ्या. आलमारी समोरच्या चौरस फुटांवर मोजतात: सहा बाय सातची म्हणजे ४२ फूट. पण २ फूट खोल, एक मधली पाटी, सहा कप्पे आणि चार दारं अशा आलमारीला १८ मिलिमीटरच्या आठ बाय चारच्या साधारण सहा शीट लागतात, पाठीला ६ मिलिमीटरच्या दोन, आणि बाहेरून १ मिलिमीटरच्या सनमायकाच्या दोन. दुकानदाराला विचारा, माझ्या आलमारीला किती शीट येणार? चार म्हणाला तर कप्पे १२ मिलिमीटरचे किंवा भुशाच्या बोर्डाचे निघणार. आणि वरच्या कप्प्यात गोधड्या, खालच्यात बियाण्याच्या थैल्या असा भार पडला की ते धनुष्यासारखे वाकतात.

टीव्हीच्या उंचीबद्दल एकदा तरी कोणी बोलायला हवं. दुकानवाले तो पाच फुटांवर टांगतात, सोफ्यावरून बघायला सुद्धा मान वर. आपल्याकडे निम्मं घर खाली सतरंजीवर बसतं. खाली बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असतो. टीव्हीचा मध्य ३६ ते ४० इंचांवर ठेवला की सोफ्यावरचे आणि खालचे दोघंही सुखी. युनिट मग बुटकं होतं, प्लाय कमी लागतो, आणि वरची भिंत फोटोंना मोकळी मिळते. दुकानाला हे परवडत नाही, म्हणून सुचवत नाहीत.

निळ्या-जांभळ्या पट्ट्यांच्या लाइटबद्दल थोडक्यात: घेऊ नका. व्होल्टेज वर-खाली झालं की त्यांचे अॅडॉप्टर जातात, आणि सीलिंगच्या आत बसवलेला अॅडॉप्टर बदलायला सीलिंग फोडावं लागतं. त्याहून गंभीर म्हणजे ज्या घरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हॉलमध्ये कापूस रचतात तिथे रुईचे तंतू या खाचांत जाऊन बसतात, आणि बाजूलाच तापणारा अॅडॉप्टर. कापसाची खोली ठरलेली असेल तर तिथे उघडी जोडणी, खालच्या उंचीचं प्लग पॉइंट, सीलिंगची खाच काहीच नको. बोर्ड साडेचार फुटांच्या वर घ्या आणि दिवा बंद काचेचा लावा. पॅकेज विकणाऱ्याला ‘इथे कापूस पडतो’ हे पहिल्याच भेटीत सांगा. त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की त्यानं शेतकऱ्याचं घर याआधी केलं आहे की नाही.

घराला ऊब देणारी सगळ्यात स्वस्त वस्तू पिवळा दिवा आहे. बल्बच्या डब्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे दवाखान्यासारखा पांढरा, आणि गावातल्या दुकानात तोच मिळतो कारण तोच मागतात. २७०० ते ३००० म्हणजे कंदिलाच्या जवळचा. बारा बाय बाराच्या खोलीत एक ९ वॉटचा ४००० केल्विनचा वर, पोरांच्या अभ्यासाला आणि धान्य निवडायला, आणि दोन ५ वॉटचे ३००० चे भिंतींवर सहा फुटांवर, वेगळ्या बटणावर. जेवण झाल्यावर वरचा बंद करायचा. पावसाळ्यात किडेही पिवळ्या दिव्यावर कमी येतात.

रंगात दुकानाचा आग्रह असतो एका भिंतीला गडद रंग, बाकी पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. नवं प्लास्टर किमान महिनाभर सुकू द्या. घाईत पुट्टी मारली की ती पापडासारखी सुटते हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी सगळे घाई करतात, कारण वास्तूची तारीख काढलेली असते. तारीख पुढे ढकलता येत नसेल तर त्या दिवसापुरता नुसता चुना मारा. चुना काही कमीपणाचा नाही. कळीचा चुना निदान रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, दुधाइतका पातळ करून तीन हात. जाड एकच हात दिला तर भुकटी हाताला लागते. भिंत आधी ओली करायची, थोडा डिंक घालायचा, पांढरा हवा तर चिमूटभर नीळ. रंग हवा तर गेरू, पिवळी माती किंवा काजळी. बाजारातले इतर बरेच रंग चुन्यात फिके पडतात. प्लास्टिक पेंटवर मात्र चुना धरत नाही, तो आधी खरवडावा लागतो.

खालचा तीन फुटांचा पट्टा गेरूचा आणि वर मळकट पांढरा ही आपल्याकडची जुनी रीत अजूनही सगळ्यात शहाणी आहे. पाठ टेकून बसल्यावर तेल लागतं, पोरांचे हात लागतात, काळ्या मातीची धूळ उडते, सगळं त्या पट्ट्यात जिरतं. ज्यांना साध्या मातीच्या भिंतीत किती देखणेपण येतं ते बघायचं असेल त्यांनी सेवाग्रामला बापू कुटीत जाऊन यावं. तिथे मीराबेननं भिंतीवर मातीच्याच उठावात काढलेली झाडं आहेत. ३डी वॉलपेपरच्या धबधब्यापेक्षा ती जास्त जवळची वाटतात, आणि दोन बायका मिळून आपल्या ओसरीवर तसं काही एका दुपारी करू शकतात.

काळ्या मातीच्या घरांना उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात मिटतात त्यांना सिमेंट भरून काही होत नाही, बाजूला नवी भेग पडते. लवचिक क्रॅक फिलर आणि जाळीची पट्टी वापरा, तेही भेग सगळ्यात रुंद असते तेव्हा म्हणजे मे महिन्यात. तिरकी, बोट जाईल एवढी भेग असेल तर तो इंटिरिअरचा विषय नाही, पाया दाखवून घ्या.

पॅकेजमध्ये जे नाही पण घरात आधीच आहे त्याकडे वळू. जुनं कवेलूचं (कौलारू) घर पाडून स्लॅब टाकताना सागाच्या तुळया, खांब, चौकटी भंगाराच्या भावात जातात. थांबवा. गडचिरोलीच्या आलापल्लीचं सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेलं, नव्या संसद भवनात नागपूरचं सागवान वापरलं, आणि आपण त्याच जातीची पन्नास वर्षं वाळलेली तुळई विकून भुशाचा बोर्ड आणतो! तुळईतले खिळे काढून आरागिरणीवर नेताना गिरणीवाल्याला आधी सांगा, नाहीतर पट्टा तुटला की भांडण. बाहेरचा फिकट भाग कापून टाका, कीड तिथेच लागते. आतला गडद भाग उधई सहसा सोडून देते. एक इंची फळ्या कापून घराच्याच हवेत काही आठवडे काटक्या मध्ये घालून रचून ठेवा. एका तुळईत दिवाण होतो, दुसरीत बंगईची (झोपाळ्याची) पाटी.

दिवाण सहा बाय तीनचा, बसायची उंची गादीसकट सतरा-अठरा इंच. गादी आपल्या कापसाची, पिंजून घेतलेली. रेक्झिनच्या सोफ्यावर मे महिन्यात पाठ टेकवून बघा आणि मग ठरवा. वर घरातल्या जुन्या लुगड्यांची गोधडी टाकली की वेगळ्या सोफा कव्हरची गरज उरत नाही. पडदे खादीचे किंवा हातमागाचे घेतले तर वर्ध्याचं मगन संग्रहालय जवळ आहे. कापड शिवायच्या आधी एकदा धुऊन घ्या, आटतं, आणि खिडकीच्या रुंदीच्या दीडपट तरी घ्या, नाहीतर पडदा चादर टांगल्यासारखा दिसतो.

बंगईसाठी स्लॅब टाकतानाच १६ मिलिमीटरच्या सळईचे हूक मुख्य सळ्यांवरून अडकवून, दोन्ही बाजूंना फूटभर वळवून बांधून घ्या. पंख्याच्या हुकाला बंगई कधीच नाही. स्लॅब आधीच झाला असेल तर लोखंडी स्टँड बरा. पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे हवेत, तेवढी जागा नसेल तर बंगईचा हट्ट सोडा. ओसरीवर जागा असेल तर तिथेच टांगा, हॉलमध्ये ती टीव्हीच्या आड येते.

देवळी मात्र लहान घरातही बसते. नऊ इंची भिंत असेल तर बांधकाम चालू असतानाच साडेचार इंच खोल, फूटभर रुंद, दीड फूट उंच कोनाडा ठेवायला सांगा, वर कडप्प्याचा तुकडा टाकून. खालची कड जमिनीपासून चार फुटांवर. त्यात दिवा, आजोबांचं घड्याळ, पोराची ढाल, जे ज्याचं असेल ते. चार इंची भिंतीत हे होत नाही आणि बांधून झाल्यावर छिन्नीनं पाडूही नये. फोटो लावताना काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घाला. कूलरच्या ओलीनं फोटो काचेला चिकटतो, आणि मग तो काढता येत नाही. लग्नाचा एकुलता एक फोटो असा गेलेली घरं कमी नाहीत. भंडाऱ्याकडची पितळी भांडी घरात असतील तर शोकेसमध्ये कोंडण्यापेक्षा उघड्या फळीवर मांडा, चिंचेनं घासली की झालं.

घरकुलवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट, त्यात स्वयंपाकाची जागा आली. इथे पॅकेजमधलं एकही मोठं फर्निचर बसत नाही. एक पेटी-दिवाण, भिंतीत देवळी, दारामागे खुंट्यांची ओळ, सात फुटांवर चारी बाजूंनी फूटभर रुंद फळी, दोन पिवळे दिवे आणि समोर ताटव्याची सपरी (पडवी). पैसे उरले तर ते सपरीतच घाला, कारण वर्षातले आठ महिने घर तिथेच राहतं.

स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांपैकी दोनच घ्या, एक चमच्या-वाट्यांची, एक ताटांची. बाकी कडप्प्याचे कप्पे. पाच किलोचे डबे ट्रॉलीत ठेवले की चाकं वर्षभरात बसतात. ओट्याची उंची दुकानवाला ३४-३६ इंच धरतो. घरातली बाई पाच फुटांच्या आत असेल तर ३१-३२ पुरे. तिला उभं करून कोपरापासून चार-पाच इंच खाली खूण करा.

काम कधी काढायचं हेही दुकानवाला सांगत नाही. सुतारकाम जानेवारी-फेब्रुवारीत करा. एप्रिल-मे मध्ये कडक वाळलेल्या लाकडाची दारं घट्ट बसवली तर जुलैत फुगून अडकतात, ऑगस्टमध्ये केलं तर उन्हाळ्यात फटी पडतात. कुठल्याही महिन्यात केलं तरी दाराच्या चारी बाजूंना तीन मिलिमीटर सोडायला सांगा.

चिठ्ठीवर हे सगळं यायला हवं: प्लायचा मानक क्रमांक आणि जाडी, सनमायका १ मिलिमीटर की ०.८, मोजणी समोरच्या फुटांवर की कशी, सीलिंगच्या पट्ट्यांचे रनिंग फूट वेगळे लावणार का, बिजागऱ्या आणि चॅनल कुठल्या, भंगार लाकूड कोणाचं. मजुरी टप्प्यांत द्या, माल घरी उतरून शिक्के बघितल्यावर पहिला मोठा हप्ता, आणि शेवटचा दहावा हिस्सा पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवा. जो दुकानदार या अटीला लगेच ना म्हणतो, त्याच्याकडून फार तर पडद्यांचे रॉड घ्यावेत.